निखाऱ्यांवरचा स्वयंपाक आजच्या ओट्यावर: अमेरिकी वसाहतकारांच्या पद्धतीची पहिली ओळख

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून हळूहळू पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतकारांच्या घरांत १८व्या शतकात आणि १९व्या शतकाच्या पूर्वार्धात वेगळे स्वयंपाकघर बहुधा नसे. ओंडक्यांच्या एकखणी घराच्या एका भिंतीत दगडाविटांची रुंद शेकोटी बांधलेली असे, आणि घर उबदार ठेवणे, संध्याकाळचा उजेड, ओले कपडे वाळवणे व अन्न शिजवणे ही सारी कामे त्या एकाच विस्तवावर होत. शेकोटीच्या बाजूच्या भिंतीत फिरता लोखंडी दांडा बसवलेला असे आणि त्याला आकड्यांनी टांगलेले भांडे वरखाली किंवा आतबाहेर सरकवून धग कमीजास्त करता येई. बिडाच्या चुली १८३० नंतरच्या दशकांत घरोघरी पोहोचू लागल्या आणि ही पद्धत मागे पडत गेली. मात्र त्याच काळात ओरेगॉनकडे बैलगाड्यांतून निघालेल्या कुटुंबांनी तीच भांडी आणि तीच रीत उघड्या माळावर नेली.

त्या प्रवासाचा विस्तार लक्षात घेतला तर या स्वयंपाकाचा काटकसरी स्वभाव समजतो. मिसूरी नदीकाठापासून ओरेगॉनमधील विलामेट खोऱ्यापर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरची वाट होती आणि ती चालायला चार ते सहा महिने लागत. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रवास-मार्गदर्शिकेत प्रत्येक प्रौढ माणसामागे सुमारे ९० किलो पीठ, ६८ किलो खारवलेले डुकराचे मांस, ९ किलो साखर, साडेचार किलो कॉफी आणि साडेचार किलो मीठ घ्यावे असे सांगितले होते. प्लॅट नदीच्या खोऱ्यात झाडे जवळजवळ नव्हती, म्हणून तिथे बायका आणि मुले बायसनचे वाळलेले शेण गोळा करीत, जमिनीत चर खणून त्यात वाऱ्यापासून आडोसा देऊन ते पेटवीत आणि त्यावर पाव भाजीत. गोवऱ्यांचा विस्तव ज्यांनी पाहिला आहे त्यांना या इंधनाचा गुण सांगायला नको: ज्वाला थोडी, धग सावकाश आणि पुष्कळ वेळ टिकणारी.

या स्वयंपाकाचा पाया वसाहतकारांनी एकट्याने घातलेला नाही, हेही आरंभीच नोंदवले पाहिजे. मका, घेवड्याच्या जातीच्या शेंगा आणि भोपळा ही तिथल्या मूळ रहिवाशांची पिके होती आणि मका दळून, उकळत्या पाण्यात भिजवून, राखेत किंवा तापलेल्या दगडावर भाजण्याचे ज्ञानही त्यांच्याकडूनच आले. दक्षिणेकडील मोठ्या घरांतील शेकोटीपुढे उभे राहून हे कौशल्य ज्यांनी पराकोटीला नेले त्या बहुतेक गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया होत्या.

ज्वाला नव्हे, निखारा

नवख्या माणसाची पहिली समजूत अशी असते की हा स्वयंपाक म्हणजे भडकत्या जाळावर भांडे ठेवणे. प्रत्यक्षात जाळ हा केवळ निखारे तयार करण्यासाठी असे. शेकोटीच्या मागच्या बाजूला लाकडे जळत राहत आणि त्यांचे निखारे फावड्याने पुढे ओढून दगडी फरशीवर लहान लहान ढिगांत मांडले जात. एका ढिगावर तीन पायांचा तवा, दुसऱ्यावर झाकणाचे जड भांडे, तिसऱ्या, जवळजवळ विझत आलेल्या ढिगावर दूध किंवा सॉस कोमट ठेवलेले. एका विस्तवातून अशा अनेक चुली निर्माण होत, आणि प्रत्येक चुलीची धग निखाऱ्यांच्या संख्येने व राखेच्या थराने ठरे. आपल्याकडे चुलीशेजारच्या वैलावर आमटी मुरत ठेवतात आणि पुढे ओढलेल्या निखाऱ्यांवर भाकरी फुगवतात, त्यामागेही हीच समज आहे.

धग तीन दिशांनी येई. खालून येणारी धग तव्यासाठी आणि उकळण्यासाठी. वरून येणारी धग पाव, पाय (सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि केक यांच्यासाठी. आणि समोरून, म्हणजे जळत्या लाकडांच्या बाजूने येणारी किरणांची धग मांस भाजण्यासाठी. वरच्या धगीसाठी जे भांडे वापरले जाई ते म्हणजे डच ओव्हन: जाड बिडाचे, तीन आखूड पायांचे, वर उचललेल्या काठाचे सपाट झाकण असलेले भांडे. तो काठ अशासाठी की झाकणावर ठेवलेले निखारे घसरू नयेत आणि झाकण उचलताना राख अन्नात पडू नये. वाळूच्या साच्यात बिडाची पातळ आणि स्वस्त भांडी ओतण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) इंग्लंडमधील अब्राहम डार्बी याने १७०७ साली घेतले, आणि त्यानंतर अशी भांडी सामान्य घरांच्या आवाक्यात येऊ लागली. यूटा राज्याने १९९७ मध्ये डच ओव्हनला राज्याचे अधिकृत स्वयंपाकाचे भांडे म्हणून मान दिला, इतका तो तिथल्या स्मृतीत रुजला आहे.

मराठी वाचकाला वरून धग देण्याची ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. कोकणात तवशाचे धोंडस (काकडीचा गोड केक) वर आणि खाली विस्तव ठेवूनच भाजत आले आहेत, आणि गोव्यातील बेबिंका या थरांच्या मिठाईचा प्रत्येक थर वरून येणाऱ्या निखाऱ्यांच्या धगीवर तांबूस होतो. ज्यांच्या घरात हे पदार्थ होत असत त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांना या रीतीविषयी अवश्य विचारावे, कारण झाकणावर किती विस्तव ठेवायचा हे पुस्तकापेक्षा ते अधिक नेमके सांगतील.

माझे मत असे आहे की आजच्या स्वयंपाकघरात या पद्धतीतून आणायची गोष्ट म्हणजे धगीची ही पारख. धूर किंवा जुनाट देखावा नव्हे. धुराचा वास देणारा तयार अर्क बाजारात मिळतो, पण तो पावात किंवा शेंगांत घालण्याची मुळीच गरज नाही. झाकणाच्या जड भांड्यात भाजलेल्या पावाला मुळातही धुराचा वास फारसा येत नसे, कारण झाकण धूर आणि राख दोन्ही बाहेर ठेवण्यासाठीच होते.

भांडी कोणती घ्यावीत

सुरुवातीला दोन भांडी पुरेशी आहेत. पहिले म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचा, उभ्या काठाचा बिडाचा पॅन. दुसरे म्हणजे चार ते पाच लिटरचे, जड झाकणाचे, सपाट बुडाचे बिडाचे भांडे. तीन पायांचे अस्सल डच ओव्हन गॅसच्या जाळीवर नीट बसत नाही आणि इंडक्शनवर तर चालतच नाही, म्हणून घरात वापरण्यासाठी ते घेऊ नये. विकत घेण्यापूर्वी आपल्या ओटीजीच्या (ओट्यावरच्या लहान विजेच्या ओव्हनच्या) आतील उंची आणि रुंदी मोजावी, कारण लहान ओटीजीमध्ये झाकणासह असे भांडे पुष्कळदा मावत नाही, आणि पाच किलोच्या आसपास वजन त्याच्या जाळीला पेलेल की नाही हेही पाहावे लागते. मोठे भांडे मावत नसेल तर बिडाची लहान कढई आणि तिच्यावर बरोबर बसणारा बिडाचा तवा ही जोडी उत्तम काम देते. किंबहुना ओव्हन नसलेल्या घरात मी हीच जोडी सुचवीन, कारण तव्याचे झाकण वेगळे तापवता येते. बाहेरून मुलामा दिलेले भांडे चालते, परंतु त्याच्या झाकणाची मूठ प्लॅस्टिकची असेल तर ती किती तापमान सोसते ते पाहून घ्यावे. नॉनस्टिक भांडी या कामासाठी वापरू नयेत, कारण येथे रिकामे भांडे बराच वेळ तापवावे लागते.

नवे बिडाचे भांडे सीझनिंग केल्याशिवाय वापरू नये. भांडे कोमट पाण्याने धुऊन लगेच पुसावे आणि मंद आचेवर पूर्ण कोरडे करावे. मग जवस, सूर्यफूल किंवा शेंगदाण्याच्या तेलाचे काही थेंब घेऊन आतबाहेर सर्वत्र चोळावे आणि नंतर स्वच्छ फडक्याने, जणू ते तेल चुकून लागले आहे असे समजून, जवळजवळ सगळे पुसून काढावे. हे पुसणे महत्त्वाचे आहे, कारण तेलाचा थर जाड राहिला तर तो चिकट होतो. भांडे ओटीजीत उपडे ठेवून २३० अंश सेल्सिअसला एक तास तापवावे आणि आतच थंड होऊ द्यावे. उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लोखंडावर कडक, गुळगुळीत लेप तयार होतो. ही क्रिया दोनतीनदा केली की भांडे कामाला तयार होते. वसाहतकार याच कामासाठी डुकराची किंवा गुराची चरबी वापरीत.

बीड तापायला वेळ घेते आणि एकदा तापले की धग धरून ठेवते. गॅसची ज्योत बुडाच्या मध्यभागी लागते आणि बिडातून उष्णता कडेपर्यंत सावकाश जाते, म्हणून भांडे मोठ्या आचेवर एकदम न तापवता मंद आचेवर आठदहा मिनिटे ठेवावे. इंडक्शनवरही सर्वांत खालच्या पातळीपासून आरंभ करावा आणि काचेच्या पृष्ठभागावर भांडे ओढू नये, उचलून ठेवावे. तापलेल्या बिडावर थंड पाणी कधीही ओतू नये, ते तडकते.

घरात निखारे आणू नयेत

हा परिच्छेद वगळून पुढे जाऊ नये, अशी विनंती आहे. वसाहतकारांच्या शेकोटीला धुराडे होते आणि तिच्यातून हवा सतत वर खेचली जात असे. आपल्या सदनिकेतील स्वयंपाकघराला तसे धुराडे नसते. कोळसा बंद खोलीत जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि तो जीव घेऊ शकतो. ओट्यावरची चिमणी त्याच्यासाठी पुरेशी नाही आणि खिडकी उघडी ठेवणेही पुरेसे नाही. निखाऱ्यांचे काम गच्चीवर, अंगणात किंवा शेतावर, पूर्ण उघड्या हवेतच करावे, आणि उरलेले निखारे पाण्याने विझवून ते हाताला गार लागल्याशिवाय कचऱ्यात टाकू नयेत.

घरातील धोका तापलेल्या जड भांड्याचा असतो. साधी सांडशी या वजनाला अपुरी पडते. दोन्ही हातांत जाड, पूर्णपणे कोरडे सुती हातमोजे घालावेत (ओल्या कापडातून चटका लगेच बसतो) आणि भांडे उचलण्यापूर्वी ते कुठे ठेवायचे ती जागा रिकामी करून तिथे लाकडी पाट किंवा जाळी मांडून ठेवावी.

पहिला पदार्थ: जॉनीकेक

शिकण्याचा क्रम धगीच्या दिशांवरून ठरवावा असे मला वाटते: आधी केवळ खालची धग, मग वरची आणि खालची दोन्ही, मग तासन्‌तास टिकणारी मंद धग आणि शेवटी कडक धग. म्हणून आरंभ जॉनीकेकपासून करावा. ऱ्होड आयलंड या लहान राज्यात ही मक्याची जाड धिरडी आजही आवडीने खातात.

एक वाटी बारीक मक्याच्या पिठात अर्धा चमचा मीठ मिसळावे. त्यावर सव्वा वाटी उकळते पाणी थोडेथोडे ओतत ढवळावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. पाणी खरोखर उकळतेच हवे. मक्यात गव्हासारखे चिकट धरणारे प्रथिन नसते, त्यामुळे उकळत्या पाण्याने पिष्ट फुलल्याशिवाय पीठ एकजीव होत नाही. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या भाकरीसाठी आपण उकड काढतो ती याच कारणाने. दहा मिनिटांनंतर पीठ घट्ट वाटेल, त्यात दूध घालून ते चमच्याने सोडता येईल पण पसरणार नाही इतके सैल करावे.

बिडाचा पॅन मंद आचेवर आठ मिनिटे तापवून त्यावर लोणी किंवा चरबी पसरावी आणि तळहातापेक्षा लहान, अर्ध्या बोटाइतक्या जाडीचे केक घालावेत. आता संयम लागतो. प्रत्येक बाजूला पाच ते सहा मिनिटे द्यावीत, मध्येच खालून उचकटून पाहू नये. कडा कोरड्या दिसू लागल्या आणि केक स्वतःहून पॅनवर सरकू लागला की उलटावा. पॅनला चिकटत असेल तर तो अजून उलटायच्या बेताला आलेला नाही. खालचा पृष्ठभाग पाच मिनिटांच्या आत काळपट होत असेल तर आच जास्त आहे. आठ मिनिटांनीही फिकाच असेल तर कमी. आपल्या शेगडीची कोणती खूण म्हणजे कोणती धग, हे या एका पदार्थातून कळते.

येथे एक सावधगिरी. किराणा दुकानात मक्याचे तीन प्रकार मिळतात: पिवळे मक्याचे पीठ, मक्याचा रवा आणि पांढरेशुभ्र कॉर्नफ्लोअर. कॉर्नफ्लोअर म्हणजे केवळ पिष्ट असते आणि ते या लेखातील कोणत्याही पदार्थात चालत नाही.

दुसरा पदार्थ: पॅनमधला मक्याचा पाव

हा पाव वर-खाली धग देण्याचा खरा धडा आहे. २० सेंटिमीटरच्या पॅनसाठी १५० ग्रॅम मक्याचे पीठ (निम्मे पीठ आणि निम्मा रवा घेतल्यास पोत मूळच्या जवळ जातो), ५० ग्रॅम कणीक, पाऊण चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा एकत्र चाळून घ्यावा. दुसऱ्या भांड्यात २५० मिलिलिटर दाट आंबट ताक आणि एक अंडे फेटावे. आपले रोजचे ताक पातळ असते, म्हणून दह्यात थोडेसेच पाणी घालून घुसळलेले घ्यावे. सोडा ताकातील आम्लाशी संयोग पावून वायू सोडतो आणि पाव त्यानेच फुगतो. ताक गोडे असेल तर पाव बसका होतो आणि सोड्याची चव मागे राहते. वसाहतकार ज्याला सॅलरेटस म्हणत ते याच सोड्याचे जुने रूप होते, आणि यीस्ट जपणे अवघड असलेल्या त्या वाटेवर बहुतेक पाव त्याच्यावरच झाला.

ओटीजी २२० अंशांवर ठेवून रिकामा पॅन त्यात पंधरा मिनिटे तापवावा. मग पॅन बाहेर काढून त्यात ३० ग्रॅम लोणी टाकावे, ते चरचरून वितळले की सर्व बाजूंना फिरवावे आणि उरलेले पिठात ओतावे. ओले आणि कोरडे मिश्रण याच क्षणी, आधी नव्हे, एकत्र करून दहाबारा वेळा ढवळावे आणि लगेच तापल्या पॅनमध्ये ओतावे. कडेला चर्रकन आवाज झाला पाहिजे, कारण खरपूस तांबूस कड त्या पहिल्या चटक्यानेच तयार होते. वीस ते बावीस मिनिटांत पाव होतो. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघावी.

ओव्हन नसेल तर गॅसवर असे करावे. एक जुना लोखंडी तवा शेगडीवर ठेवावा आणि त्यावर कढई किंवा पॅन, म्हणजे ज्योत थेट बुडाला लागत नाही आणि धग सारखी पसरते. शेजारच्या शेगडीवर बिडाचा दुसरा तवा चांगला तापवावा. पीठ ओतल्यावर तो तापलेला तवा झाकण म्हणून ठेवावा आणि खालची आच अगदी मंद करावी. दहा मिनिटांनी वरचा तवा पुन्हा तापवून ठेवावा. तेवढ्या वेळात भांड्यावर साधे झाकण असावे, म्हणजे आतली वाफ निघून जात नाही. पंचवीस ते तीस मिनिटे लागतात. वरचा रंग ओव्हनइतका गडद येत नाही, तो हवा असेल तर पाव शेवटी ताटलीवर काढून उलटा करून पुन्हा पाच मिनिटे पॅनमध्ये ठेवावा.

भाजण्यासाठी धग किती आहे हे पाहण्याची जुनी खूण आजही वापरता येते. झाकण लावून तापवलेल्या भांड्याच्या तळाशी चिमूटभर पीठ टाकावे. ते सावकाश तांबूस झाले तर पाव घालण्याची वेळ झाली. टाकताक्षणी काळे पडले तर भांडे थोडे निवू द्यावे. त्यानंतर ते पीठ पुसून टाकावे.

तिसरा पदार्थ: मंद धगीवर मुरलेले घेवड्याचे दाणे

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये प्युरिटन या ख्रिस्ती पंथाच्या घरांत शनिवारच्या सूर्यास्तापासून विश्रामवार सुरू होई आणि त्या काळात स्वयंपाक करणे निषिद्ध होते. म्हणून शनिवारी मातीच्या भांड्यात पांढऱ्या घेवड्याचे दाणे, खारवलेली डुकराची चरबी आणि उसाची मळी घालून ते भांडे विटांच्या ओव्हनमध्ये किंवा राखेने झाकलेल्या निखाऱ्यांत ठेवून देत, आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवण तयार असे. मेन राज्यातील लाकूडतोड्यांच्या तळांवर हेच भांडे जमिनीतील खड्ड्यात, निखाऱ्यांमध्ये पुरून ठेवले जाई. रात्री विस्तव राखेखाली झाकून ठेवण्याची जी रीत आपल्या घरांत होती, तिचा असा उपयोग तिकडे होत असे.

२५० ग्रॅम पांढरा राजमा किंवा पांढरी चवळी आठ ते दहा तास भिजवावी, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात खळखळून उकळावी. राजम्याच्या बाबतीत ही उकळी किमान दहा मिनिटे जोरात चालू राहिलीच पाहिजे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते, ते उकळत्या पाण्यात नष्ट होते पण मंद धगीच्या कमी तापमानात नष्ट होत नाही, आणि त्यामुळे उलट्या व जुलाब होतात. मंद आचेचे भांडे वापरणाऱ्यांनी हा टप्पा कधीही गाळू नये. त्यानंतर दाणे मऊ होईपर्यंत शिजवावेत. चमच्यात दोनचार दाणे घेऊन फुंकर मारली असता साल सुटून वळली की ते पुढच्या टप्प्यासाठी तयार झाले. येथपर्यंतचे काम कुकरमध्ये केले तरी पदार्थात काही उणे येत नाही.

दाणे मऊ होण्याआधी गोड पदार्थ घालू नये, कारण मळीतील आम्ल आणि कॅल्शियम यांनी साल आवळली जाते व दाणे कितीही शिजवले तरी कडक राहतात. दाणे मऊ झाल्यावर ते जड भांड्यात घालून त्यात मधोमध एक सोललेला कांदा, एक चमचा मोहरीची पूड, एक चमचा मीठ आणि तीन मोठे चमचे काकवी घालावी. तिकडची मळी साखर काढून घेतल्यावर उरते, म्हणून काळी आणि किंचित कडवट असते. आपली काकवी संपूर्ण रसाची असल्याने अधिक गोड आहे. ती कडवट छटा जवळपास हवी असेल तर एक चमचा काकवी कमी करून तेवढाच काळा गूळ घालावा. मांसाहारी घरांत १०० ग्रॅम बेकनचे तुकडे घालावेत, शाकाहारी घरांत दोन मोठे चमचे तूप.

दाणे बुडतील इतके त्यांचेच गरम पाणी ओतून झाकण लावावे आणि ओव्हनमध्ये १२५ अंशांवर पाच ते सहा तास ठेवावे. दर तासाने पाहावे आणि पाणी कमी झाले तर उकळतेच घालावे. शेवटचा तासभर झाकण काढून ठेवले की वरचा थर दाट आणि चकचकीत होतो. गॅसवर तव्याचा आडोसा देऊन सर्वांत लहान शेगडीवर तीन ते चार तासांत हे साधते, मात्र तेव्हा घराबाहेर जाऊ नये आणि तळ लागत नाही ना हे लाकडी उलथन्याने पाहत राहावे. रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा गडद झाला की पदार्थ उतरवावा. हा पदार्थ दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, आणि मक्याच्या पावाबरोबर तो पूर्ण जेवण आहे.

चौथा पदार्थ: झाकणाच्या भांड्यातला गव्हाचा पाव

शेकोटीपुढे हा पाव भाजताना भांडे लहानशा निखाऱ्यांच्या थरावर ठेवीत, झाकणावर त्याच्या सुमारे दुप्पट निखारे मांडीत आणि दर दहापंधरा मिनिटांनी भांडे एका दिशेला व झाकण उलट दिशेला चतुर्थांश फेरी फिरवीत, म्हणजे एकाच जागी धग साचून पाव करपत नसे. बंद भांड्यात कणकेतून निघालेली वाफ आतच राहते, त्यामुळे वरचे कवच लवकर कडक होत नाही आणि पावाला फुगायला अवधी मिळतो.

४०० ग्रॅम मैदा (किंवा ३०० ग्रॅम मैदा व १०० ग्रॅम कणीक), आठ ग्रॅम मीठ, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट आणि सुमारे ३०० मिलिलिटर पाणी एकत्र करून रात्रभर झाकून ठेवावे. आपल्या उन्हाळ्यात सहा ते आठ तासही पुरतात. पीठ दुप्पट होऊन त्यावर बुडबुडे दिसले की झाले. पीठ सैल आणि चिकट असते, ते पिठाच्या हाताने चारी बाजूंनी घडी घालून गोल करावे आणि बेकिंग पेपरवर पाऊण तास ठेवावे. दरम्यान भांडे झाकणासह २३० अंशांवर अर्धा तास तापवावे. पाव पेपरसह भांड्यात सोडावा, झाकण लावून तीस मिनिटे आणि झाकण काढून दहा ते पंधरा मिनिटे भाजावा. ठोकल्यावर पोकळ आवाज आला की तो जाळीवर काढावा आणि किमान तासभर कापू नये, कारण आतला गर तोवर घट्ट होत असतो. भांडे असे कडक तापवून घेणे ही आजच्या ओव्हनची सोय आहे. वसाहतकार बहुधा कणीक शेकोटीजवळ कोमट ठेवलेल्या भांड्यातच फुगवीत आणि नंतर निखाऱ्यांवर नेत. दोन्ही पद्धती करून पाहाव्यात. दुसरीत कवच मऊ राहते आणि मुलांना ते अधिक आवडते.

समोरच्या धगीचे भाजणे आज सर्वांत सोपे आहे, कारण पुष्कळ ओटीजींबरोबर फिरती सळई येतेच. शेकोटीपुढे कोंबडी दोरीने टांगून फिरत ठेवीत किंवा मागे चकचकीत पत्र्याचा अर्धगोल असलेल्या पेटीत सळईवर लावीत. पत्रा धग परत फेकत असे. ओटीजीत सव्वा किलोची कोंबडी २०० अंशांवर सुमारे सव्वा तास फिरवावी, खाली गळणाऱ्या रसासाठी ताटली ठेवावी आणि मांडीच्या जाड भागात तापमापक ७४ अंश दाखवील तेव्हाच काढावी.

ज्यांना गच्ची किंवा अंगण आहे त्यांच्यासाठी

घरातील सराव झाल्यावर खऱ्या निखाऱ्यांकडे वळावे, आणि तेव्हा तीन पायांचे भांडे घ्यावे. साच्यात दाबलेल्या एकसारख्या कोळशाच्या वड्या मिळाल्या तर हिशेब सोपा असतो: भांड्याचा व्यास जितके इंच, त्याच्या दुप्पट वड्या. १२ इंची भांड्याला २४ वड्या, त्यांतील १६ झाकणावर आणि आठ खाली, यांनी साधारण १७५ ते १८० अंशांची धग मिळते. खालच्या वड्या कडेने गोलाकार मांडाव्यात, मधोमध ठेवू नयेत. आपल्याकडचा लाकडी कोळसा लहानमोठा असतो, म्हणून मोजण्यापेक्षा हाताचा अंदाज बरा. निखाऱ्यांवर १० ते १२ सेंटिमीटर उंचीवर तळहात धरून मनात आकडे मोजावेत. दोन ते चार सेकंदांत हात काढावा लागला तर धग कडक आहे, पाच ते सात सेकंदांत मध्यम, आणि आठदहा सेकंद हात टिकला तर मंद. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आल्यावरच भांडे ठेवावे, आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा करावा, कारण वाऱ्याने एका बाजूचे निखारे लवकर जळून जातात. जवळ एक लहान जाळ वेगळा चालू ठेवला की पाऊण तासानंतर लागणारे नवे निखारे तिथून घेता येतात.

काम संपल्यावर भांडे कोमट असतानाच गरम पाणी आणि काथ्याच्या घासणीने धुवावे. थोडा साबण चालतो. भिजत ठेवणे आणि चिंच-टोमॅटोचे आंबट पदार्थ तासन्‌तास शिजवणे चालत नाही, कारण त्याने लेप उतरतो. चिकटलेले काही असेल तर भांड्यात पाणी उकळून लाकडी उलथन्याने खरवडावे किंवा जाडे मीठ टाकून फडक्याने घासावे. मग भांडे आचेवर पूर्ण वाळवून, तेलाचा पुसटसा हात फिरवून, झाकण आणि भांडे यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवून ठेवून द्यावे. आपल्या पावसाळ्यात ही कागदाची घडी विसरू नये. दमट हवेत घट्ट झाकलेले भांडे आठवडाभरात गंजते आणि आत साचलेल्या तेलाला खवट वास येतो. गंज आलाच तर तो घासणीने काढून सीझनिंगची क्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी, म्हणजे भांडे पूर्ववत होते.